कोनाडे कोणी कोरले?

१

त्रिंबक नारायण आत्रे यांचा 'गावगाडा' १९१५ साली प्रसिद्ध झाला. मराठी खेड्याची घडण समजून घेऊ इच्छिणाऱ्याला आजही या ग्रंथापासून सुरुवात करावी लागते. आत्रे मुलकी खात्यातले. कुणबी, बलुतेदार, वतने, देणीघेणी या साऱ्यांचा हिशेब त्यांनी गावाच्या पायरीवर बसून पाहिलेला होता. त्यांच्या ग्रंथात 'फिरस्ते' असे एक प्रकरण आहे. गावात वस्ती नसलेल्या, आज येथे तर उद्या तेथे अशा जमातींची त्यात गणती आहे. आत्र्यांचा सूर सहानुभूतीचा नाही. पिकविणारा एकटा कुणबी आणि त्याच्या खळ्यावर हात पसरणारे अनेक, असे चित्र त्यांच्या मनात पक्के आहे. फिरस्ते म्हणजे त्या खळ्यावरचा बिनहिशेबी भार.

पदव्युत्तर वर्गाला हे प्रकरण शिकविताना आम्ही काही वर्षांपूर्वी एक प्रयोग केला. आत्र्यांच्या शेजारी माधव गाडगीळ व कैलाश मल्होत्रा या दोघांचे निष्कर्ष ठेवले. गाडगीळ परिस्थितिकीचे अभ्यासक, मल्होत्रा मानववंशशास्त्राचे. ज्यांना आत्रे भार म्हणतात, त्यांच्याकडे हे दोघे वेगळ्या नजरेने पाहतात. एकाच रानात निरनिराळे प्राणी जसे अन्न वाटून घेतात, तसे या जमातींनी माळ, ओढा, झुडूप, पाखरू आणि जनावर आपापसांत वाटून घेतले होते, अशी त्यांची मांडणी आहे. वर्गाला ती आवडली. आम्हांलाही आवडली होती. आत्र्यांना उत्तर मिळाले, असे वाटून आम्ही पुस्तक मिटणार, तोच शेवटच्या बाकावरून एक विद्यार्थी उठला. तो बेड्यावरचा होता. बेडा म्हणजे आमच्याकडे फासेपारध्यांची वस्ती. तो म्हणाला, "सर, हे वाटणी झाली तवा आमचा कोणी मानूस तिथं बसला होता काय?"

त्या दिवशी आम्ही त्याला धड उत्तर देऊ शकलो नाही. प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाकडे पुन्हा वळण्याचा प्रयत्न आहे. आम्ही साहित्याचे अध्यापक; प्राणिशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु एका शास्त्रातील रूपक दुसऱ्या शास्त्रात जाते तेव्हा काय घडते, हे पाहणे आमच्या कामाचाच भाग आहे.

२

इंग्रजीतील 'निश' या शब्दाला मराठीत अनेक पर्याय सुचविले गेले असले, तरी आम्हांला 'कोनाडा' हाच शब्द जवळचा वाटतो. मूळ शब्दाचा अर्थही भिंतीतला कोनाडाच आहे. जुन्या घरात दिव्याची देवळी वेगळी, देवाची वेगळी, पानसुपारीच्या तबकाची वेगळी. ज्याची जागा ज्याला, म्हणजे घरात धक्काबुक्की नाही.

अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ जोसेफ ग्रिनेल यांनी १९१७ साली कॅलिफोर्नियातील थ्रॅशर या पक्ष्यावर लेख लिहिला. पक्षी कोठे राहतो, काय खातो, कोणत्या झुडपाखाली लपतो, या साऱ्याला मिळून त्यांनी हा शब्द वापरला, आणि दोन जाती एकाच कोनाड्यात फार काळ नांदू शकत नाहीत, या विचाराचे बीज पेरले. १९३४ साली रशियन शास्त्रज्ञ गाउझ यांनी पॅरामेशियम या सूक्ष्म जीवाच्या दोन जाती एकाच भांड्यात, एकाच अन्नावर वाढवून पाहिल्या. काही दिवसांत एक उरली, दुसरी संपली. मात्र तळाशी बसलेले अन्न खाणारी तिसरी जात आणली, तेव्हा ती भांड्यात टिकून राहिली. १९५८ साली रॉबर्ट मॅकआर्थर यांनी अमेरिकेच्या ईशान्य भागातील सूचिपर्णी झाडांवर कीटक टिपणाऱ्या पाच जातींच्या लहान पक्ष्यांचा अभ्यास केला. पाचही एकाच झाडावर. पण कोणी शेंड्याला, कोणी फांद्यांच्या टोकाला, कोणी बुंध्याजवळ. झाड एक, कोनाडे पाच.

हे पाहण्यासाठी परदेशात जाण्याची गरज नाही. वाशीम जिल्ह्यात कारंजा तालुक्यात सोहोळचे काळवीट अभयारण्य आहे. २००० साली घोषित झालेले, सुमारे अठरा चौरस किलोमीटरांचे. तेथील माळावर सकाळी उभे राहिले की हाच धडा उघड्यावर वाचता येतो. काळवीट मोकळ्या रानात, आखूड गवतावर चरतो. त्याचा भरवसा दृष्टीवर आणि धावेवर. रोही, म्हणजे नीलगाय, गवताबरोबर पाला, बोरे, बाभळीच्या शेंगाही खाते आणि झुडपांच्या आडोशाला राहते. मांसाहाऱ्यांचेही तसेच. लांडग्याची झेप हरणाच्या पाडसावर आणि मेंढीवर, कोल्हा लहान जनावरांपासून मेलेल्या गुरापर्यंत सारे चालवून घेतो, तर चिमुकले खोकड उंदीर, किडे आणि बोरांवर भागविते. दातांच्या मापाप्रमाणे घास ठरलेला.

वाटणी केवळ जागेची आणि घासाची नसते. ती काळाचीही असते. तणमोर पावसाळ्यात, गवत उंच झाले की, विणीसाठी अशा रानांत येतो आणि गवतावरून उसळ्या मारीत मादीला बोलावतो. हिवाळ्यात, तो गेल्यावर, मध्य आशियाकडून आलेले भोवत्या जातीचे शिकारी पक्षी दख्खनच्या गवताळ रानांत रात्री जमिनीवर मुक्काम करतात. एकच माळ, पण पाळ्या लावलेला.

३

गाडगीळ व मल्होत्रा यांनी हीच नजर माणसांकडे वळविली. १९८० च्या दशकाच्या प्रारंभी त्यांचे या विषयावरील लेख प्रसिद्ध झाले. पुढे १९९२ साली गाडगीळ आणि रामचंद्र गुहा यांनी मिळून लिहिलेल्या भारताच्या पर्यावरणीय इतिहासातही ही मांडणी आली. यातील एक अभ्यास महाराष्ट्राच्या कोरडवाहू पट्ट्यातील तीन भटक्या जमातींच्या शिकारीचा आहे: फासेपारधी, वैदू आणि नंदीवाले.

तिघांचाही वावर एकाच मुलखात, तिघांनाही रानातले मांस हवे. गाउझच्या भांड्याचा न्याय लावला तर यांच्यात झोंबी व्हायला हवी. प्रत्यक्षात तिघांची हत्यारे वेगळी आणि म्हणून सावजेही वेगळी. फासेपारध्याचे हत्यार म्हणजे फास. शिकविलेल्या गाईच्या आडोशाने तो काळविटाच्या कळपाजवळ सरकतो. तित्तर, लावा, मोर यांसाठी त्याचे फास निराळे. वैदू आमिष लावून सापळे मांडतात; मुंगूस, उदमांजर यांसारखे लहान मांसाहारी प्राणी त्यांचे, आणि पाण्यातली कासवे-खेकडेही त्यांचीच. नंदीवाल्यांची शिकार कुत्र्यांच्या बळावर. म्हणून सायाळ, घोरपड आणि रानडुक्कर त्यांच्याकडे. फास, सापळा आणि कुत्रा, अशी ही तीन कोनाड्यांची भिंत.

जमातीच्या आतही वाटणी होती. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातील वडापुरी येथे जमणाऱ्या तिरमल नंदीवाल्यांत कोणत्या कुटुंबाने कोणत्या गावांना जायचे, हे ठरलेले असे. एकाच्या गावात दुसरा गेला तर तंटा जातपंचायतीपुढे येई. दुसऱ्या बाजूला सह्याद्रीत गवळी धनगर डोंगरमाथ्यावर म्हशी राखीत, तर कुणबी खाली खोऱ्यात शेती करीत. माथा एकाचा, खोरे दुसऱ्याचे.

या मांडणीला जगात पूर्वज आहे. नॉर्वेचे मानवशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थ यांनी १९५६ साली स्वातच्या खोऱ्यातील पठाण, कोहिस्तानी आणि गुजर यांच्याविषयी असाच विचार मांडला होता. जेथे वर्षाला दोन पिके येतात तेथे पठाण. त्याहून उंच, एकाच पिकाच्या थंड भागात शेतीला पशुपालनाची जोड देणारे कोहिस्तानी. आणि या दोघांच्या मधल्या फटींत गुरे घेऊन फिरणारे गुजर. गाडगिळांनी एक पाऊल पुढे टाकले. ज्या साधनावर एकाच गटाचा पिढ्यान्‌पिढ्या हक्क असतो, ते साधन तो गट जपून वापरतो, असे त्यांचे म्हणणे. आज पाडस सोडले तर उद्याचे हरीण आपल्याच मुलाला मिळणार, हा भरवसा असतो. फाशात सापडलेली गाभण मादी सोडून देण्याची फासेपारध्यांची रीत त्यांनी या संदर्भात नोंदविली आहे. हा भरवसा तुटला की रीतही तुटते. आपण सोडलेले हरीण उद्या बंदुकवाला टिपणार असेल, तर सोडायचे कोणासाठी?

आत्र्यांच्या 'फिरस्त्यां'कडे पाहण्याची ही अगदी निराळी तऱ्हा आहे, यात शंका नाही. ज्याला आपण उपरा समजत होतो, तो माळाचा जुना जाणकार ठरतो. आमच्या वर्गाला हे आवडले, ते यामुळेच.

४

आता वऱ्हाडाकडे वळू. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्या वेळच्या कागदांत 'बासिम' या नावाने वावरणारा हा जिल्हा १९०५ मध्ये मोडला गेला, आणि १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन पुन्हा जिल्हा झाला. काटेपूर्णा, अडाण, अरुणावती या नद्यांचा उगम या जिल्ह्यातला. पैनगंगेकडे आणि पूर्णेकडे उतरणाऱ्या पाण्याचा हा उंचवटा. काळ्या जमिनीच्या पट्ट्यांमधून उघडे, मुरमाड माळ पसरलेले. कुणब्याच्या नजरेला ती पडीक जमीन. पारधी, धनगर, बंजारा यांचे मात्र सारे जगणे तिच्यावर.

'गावगाडा' प्रसिद्ध झाल्यानंतर एकाच वर्षाने, १९१६ साली, रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा चार खंडांचा ग्रंथ आला. त्यात पारध्यांच्या पोटभेदांमध्ये टाकणकार ही वऱ्हाडातील एक शाखा नोंदविलेली आहे. टाकणकार म्हणजे जात्याला टाकी लावणारा. दळून दळून जात्याची तळी गुळगुळीत झाली की दाणा फुटत नाही. मग टाकी आणि हातोडी घेऊन गावोगाव फिरणारा हा माणूस तळी पुन्हा खरबरीत करून देई. शिकाऱ्यांच्या एका शाखेने खेड्याच्या गरजेत आपल्यासाठी नवा कोनाडा शोधला होता.

येथे आम्हांला आमच्याच अध्यापनाविषयी काही कबूल करावयाचे आहे. जात्यावरची ओवी आम्ही वर्षानुवर्षे शिकवितो. गी प्वाटव्हां आणि हेमा राईरकर यांनी आपल्या सहकाऱ्यांसह लाखाहून अधिक ओव्या जमविल्या, हे आदराने सांगतो. ओवीतला भाऊ, माहेर, विठ्ठल, सीता या साऱ्यांवर बोलतो. पण ज्या खरबरीत दगडाच्या घरघरीवर ती ओवी उमटली, तो दगड खरबरीत ठेवणाऱ्याचे नाव आम्ही वर्गात कधी घेतले नव्हते. पुढे पिठाची गिरणी आली. जाते परसात गेले, ओवी वहीत गेली. टाकणकाराचा कोनाडा मात्र कोणत्याच वहीत न जाता बुजला.

बंजाऱ्यांची कथा याहून मोठी. जिल्ह्यातील मानोरा तालुक्यातले पोहरादेवी हे त्यांचे मोठे श्रद्धास्थान. त्याला बंजाऱ्यांची काशी म्हणतात. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो कोस नेणारी ही जमात. समुद्रकाठचे मीठ आणि पठारावरचे धान्य यांच्यामधली वाट हाच तिचा कोनाडा. १८६७ साली आगगाडी नागपूरला पोहोचली आणि ती वाटच दुसऱ्याच्या हाती गेली. गाउझच्या भांड्यात जो हरतो तो संपतो. बंजारे संपले नाहीत. तांडे स्थिरावले, पायाखालच्या माळाचे शेत झाले, आणि शंभर वर्षांच्या आत याच समाजातील वसंतराव नाईक, शेजारच्या पुसद भागातले, १९६३ पासून १९७५ पर्यंत महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते. पॅरामेशियमला हे जमणारे नव्हते.

मेंढपाळांचे कोनाडे मात्र अजून थोडेफार शाबूत आहेत. पीक निघाल्यावर धनगर शेतात मेंढ्या बसवितो. मेंढीला धसकटे व पालापाचोळा मिळतो, शेताला लेंडीखत. गुजरातेतून आलेले रबारी, ज्यांना आमच्याकडे काठेवाडी म्हणतात, उंट, गाई, मेंढ्यांसह याच रानांतून फिरतात. धनगर आणि काठेवाडी यांच्यात चाऱ्यावरून कुरबुरी होतात. शेतकऱ्याशी दोघांच्याही होतात. माळ जसजसा आकसतो तसतशा त्या वाढतात. वऱ्हाडात गावाच्या चराईच्या सरकारी जमिनीला 'ई-क्लास' म्हणतात. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५ दरम्यान, वऱ्हाडी कापसाला भाव आला तेव्हापासून नांगर माळाकडे सरकतो आहे. आता कापसाच्या जोडीला सोयाबीन आले. ई-क्लासवर अतिक्रमण झाले, की एकाच वेळी काळविटाचे कुरण, धनगराची वाट आणि पारध्याचे तित्तर अशा तिघांच्या जागा जातात. मग काळवीट आणि रोही सोयाबीनमध्ये, तुरीत, हरभऱ्यात शिरतात आणि शेतकऱ्याला रात्र रात्र जागल करावी लागते. त्याचे नुकसान खोटे नाही, आणि जनावराची भूकही खोटी नाही.

५

येथवर आल्यावर त्या विद्यार्थ्याचा प्रश्न टाळता येत नाही. प्राण्यांच्या कोनाड्यांचे रूपक माणसांच्या जातींना कितपत लागू पडते?

ज्या १९१६ साली रसेल-हिरालाल यांचे खंड निघाले, त्याच वर्षी ९ मे रोजी न्यू यॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठातील एका परिसंवादात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी भारतातील जातींविषयीचा निबंध वाचला. जातीचे सार त्यांना व्यवसायात दिसले नाही; ते त्यांना जातीअंतर्गत विवाहाच्या सक्तीत दिसले. गट स्वतःभोवती कुंपण घालतो, आणि ते कुंपण टिकविण्यासाठी स्त्रीच्या आयुष्यावर बंधने लादतो. १९३६ सालच्या, जाहीर वाचन होऊ न शकलेल्या आणि त्यांनी स्वतःच छापून काढलेल्या भाषणात ते आणखी पुढे गेले. जातिव्यवस्था ही श्रमाची विभागणी आहे, या नेहमीच्या समर्थनाला त्यांनी उत्तर दिले, की ती श्रम करणाऱ्यांचीच विभागणी आहे, आणि तीही वर-खाली अशा पायऱ्यांनी.

गाडगीळ-मल्होत्रांच्या मांडणीशेजारी हे ठेवले, म्हणजे एक गोष्ट ध्यानात येते. दोन्ही विचार एकाच खुंटीला टांगलेले आहेत, आणि ती खुंटी म्हणजे जातीअंतर्गत विवाह. परिस्थितिकीच्या अभ्यासकाला या कुंपणामुळे साधनाचा हक्क घराण्यात टिकतो आणि साधन जपले जाते, असे दिसते. आंबेडकरांना त्याच कुंपणात माणूस जन्मापासून अडकलेला दिसतो. दोघेही एकाच भिंतीकडे पाहत आहेत. एक आतला कोनाडा पाहतो, दुसरा भिंत.

प्राण्यांत कोनाडा शरीराने ठरतो. खोकडाचा जबडा काळविटाला पेलणारा नसतो, आणि तो तसा का नाही, हे विचारायला खोकडाला कोणी अडविलेले नसते. वैदू आणि पारधी यांची शरीरे एकच. वैद्याच्या मुलाला फास टाकता येणार नाही, असे निसर्गात काही नाही. आणि पारध्याच्या मुलीला वर्गात बसता येणार नाही, असे तर मुळीच नाही. जे रूढीने ठरले, पंचायतीने राखले आणि प्रसंगी दंडाने लादले, त्याला शरीरधर्माची उपमा दिली, की अन्याय सृष्टिनियमासारखा दिसू लागतो. उपमा देणाऱ्याच्या मनात तसे असेल असे नव्हे. गाडगीळ जातिव्यवस्थेतील विषमतेविषयी अनभिज्ञ नव्हते. परंतु रूपक हातून सुटले की ते आपल्या अंगच्या ओढीने चालते, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला वेगळे सांगायला नको.

शिवाय कोनाडे सारखे नव्हते. कुणब्याच्या वाट्याला काळी जमीन आली आणि पारध्याच्या वाट्याला त्या जमिनीत उतरणारे तित्तर. मॅकआर्थरच्या झाडावर शेंड्याचा पक्षी बुंध्याच्या पक्ष्याला अस्पृश्य मानीत नाही.

सत्तेनेही या कोनाड्यांशी दोनदा खेळ केला. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि १९११ च्या कायद्याने तो साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानावर पसरला. ज्यांचे फिरणे हेच जगणे, अशा अनेक जमातींचे, त्यांत पारध्यांचेही, फिरणेच संशयास्पद ठरले. १९५२ साली तो कायदा रद्द झाला. संशय मात्र रद्द झाला नाही. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि काळवीट पहिल्या अनुसूचीत गेला. तो जाणे आवश्यक होते, हेही स्पष्ट म्हटले पाहिजे. बंदुकांनी, जीपगाड्यांनी आणि नांगरांनी काळविटाला माळावरून जवळजवळ हुसकावले होते. पण त्या नाशाचा मोठा भाग ज्यांच्या हातून झाला ते दुसऱ्या कामाला लागले. ज्याच्याजवळ फासाखेरीज दुसरी विद्या नव्हती, त्याची विद्या तेवढी गुन्हा ठरली. पहिल्या कायद्याने त्याचा जन्म गुन्हा ठरविला होता, दुसऱ्याने त्याचे कौशल्य. स्वतंत्र भारताने फासेपारधी आणि टाकणकार यांना महाराष्ट्राच्या अनुसूचित जमातींच्या यादीत घातले, तर वैदू आणि नंदीवाले भटक्या जमातींच्या यादीत आले. एके काळी माळ वाटून घेणारे आता वेगवेगळ्या याद्यांमध्ये वाटले गेले आहेत.

६

आपल्या साहित्याने या माळाकडे कसे पाहिले? वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. राजशेखराच्या 'काव्यमीमांसे'त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह विदर्भातील याच नगरात झाल्याची कथा आहे. याच शाखेच्या सर्वसेन राजाने महाराष्ट्री प्राकृतात 'हरिविजय' हे काव्य रचले. त्याच भाषेतील हालाच्या 'गाथासप्तशती'त नांगऱ्यांबरोबर व्याध आहे, व्याधाची बायको आहे, हरीण-हरिणीची जोडी आहे. शिकारी तेथे माणूस म्हणून भेटतो. त्याच्या घरातले रुसवे आणि प्रेम यांना काव्यात जागा आहे.

हजारएक वर्षांनंतर 'लीळाचरित्रा'त आणखी एक प्रसंग येतो. पारध्यांनी पाठलाग केलेला ससा चक्रधरस्वामींच्या आश्रयाला येतो आणि स्वामी त्याला अभय देतात. मराठी गद्याच्या उगमापाशीच ही करुणा आहे, याचा आम्हांला अभिमान वाटतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नानंतर आम्ही ही लीळा शिकवितो तेव्हा वर्गाला आणखी एक गोष्ट विचारतो: रिकाम्या हाताने परतलेल्या पारध्याच्या घरी त्या रात्री काय शिजले असेल? चक्रधरांच्या करुणेला यामुळे उणेपणा येत नाही. ती वाढवून पारध्यापर्यंत नेण्याचे काम आपल्यावर राहिले आहे, एवढेच.

आधुनिक मराठीत मारुती चितमपल्ली यांनी ही वाट काही अंशी मोकळी केली. वनखात्यात असूनही त्यांनी रानातल्या लोकांची, पारध्यांचीही, पक्ष्यांविषयीची जाण आणि शब्द मराठीत आणले. पारध्याला लाव्याच्या हाकेतला नर-मादीचा भेद कळतो, कोणत्या गवतात कोण घरटे करील हे कळते. ही माहिती नाश करण्याकरिता जशी वापरता येते, तशी राखण्याकरिताही. कारंजा येथील 'संवेदना' ही संस्था अकोला-वाशीम भागातील फासेपारध्यांना बरोबर घेऊन गवताळ रानांच्या जपणुकीचे काम करीत आली आहे. तणमोराला २०२१ साली जागतिक पातळीवर अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत गणले गेले. तो पावसाळ्यात कोणत्या माळावर उतरतो, हे ज्यांच्या आज्याने फासासाठी हेरले होते, तेच ते आज राखणीसाठी सांगू शकतात. मात्र माळाची राखण पारध्यानेच करावी, असा नवा नियम आपण घालू लागलो, तर तोही एक कोरून दिलेला कोनाडाच होईल. ज्याला राखण करायची त्याला ती सन्मानाने आणि मोबदल्याने करता यावी. ज्याच्या मुलीला डॉक्टर व्हायचे तिला तित्तराची हाक येत नसली तरी चालावे.

आत्र्यांना फिरस्त्यांत भार दिसला; परिस्थितिकीने त्यांच्यात व्यवस्था पाहिली. दुसरी नजर पहिलीपेक्षा उदार आहे, आणि माळ वाचवायचा तर तिच्याकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. एकाच साधनावर सर्वांनी तुटून पडले तर साधनही उरत नाही आणि तुटून पडणारेही उरत नाहीत, हा तिचा धडा आजच्या ई-क्लास जमिनीला तंतोतंत लागू आहे. पण वाटणीने माळ टिकला, एवढ्यावरून वाटणी न्याय्य होती असे ठरत नाही.

तो विद्यार्थी पुढे पदवी घेऊन गेला. त्याचा प्रश्न आमच्या टिपणवहीत 'गावगाडा'च्या पानांशेजारी लिहून ठेवला आहे. वाटणीच्या बैठकीला त्याच्यातला कोणी बसला होता, असे आम्हांला कोणत्याही कागदात आढळले नाही. गावाच्या ई-क्लास जमिनीचे काय करायचे, यासाठी ग्रामसभा अजूनही भरते. बेड्यावरच्या माणसाला तेथे बसायला जागा मिळते की नाही, हे पाहण्यासाठी मात्र जुने कागद उलगडण्याची गरज नाही.